गाळलेला रकाना

हेमांगी देवरेचं कौतुक चाललं होतं, आणि कौतुक सुरू झालं की या बाईला हात कुठे ठेवावेत तेच कळत नसे. पुण्याच्या शांतिशास्त्र संस्थेचं सभागृह सकाळी साडेदहालाच गच्च भरलेलं. व्यासपीठावर तिची सहकारी झेबा इनामदार बोलत होती. झेबा बोलायला लागली की दगडालाही पटावं, अशी तिची ख्याती.

"दोन गावं, एक पाट. टेंभरवण वर, निंबाळी खाली. पाण्यावरून पोलिसांत दर वर्षी साठ-साठ तक्रारी जायच्या," झेबा म्हणाली. "देवरे मॅडमची 'समतोल' यंत्रणा बसली आणि गेल्या अकरा वर्षांत तक्रारी किती? एकही नाही!"

टाळ्या पडल्या. हेमांगीने पदर सारखा केला, चष्मा काढला, पुन्हा घातला. आज मंगळवार. शुक्रवारी आंतरराष्ट्रीय खोरे परिषदेत मतदान होतं. दोन देशांच्या मधून वाहणाऱ्या एका मोठ्या नदीवर समतोल बसवायची की नाही, याचा निकाल त्या दिवशी लागणार होता. त्या देशांची नावं रोज बातम्यांत असतात, इथे घ्यायची गरज नाही. दोन कोटी माणसं त्या पाण्यावर जगतात आणि दोन्ही काठांना सैन्य उभं आहे, एवढं पुरे. परिषदेपुढे पुरावा म्हणून एकच गोष्ट जायची होती, ती म्हणजे धुळ्याकडची ही दोन खेडी.

टाळ्या चालू असतानाच तिचा फोन थरथरला. चुलतभाऊ भटू होता.

"ताई, आबाच्या डोक्यात दगड बसलाय. बंधाऱ्यावर. धुळ्याच्या दवाखान्यात आणलंय."

ती उठून बाहेरच आली. "कोणी मारला?"

"निंबाळीच्या पोरानं. झिपरूतात्याचा नातू, तो पंकज."

"आपल्या झिपरूतात्याचा?"

"आता कसला आपला, ताई!" भटू ओरडला. "इकडे दोन्ही गावांतली पोरं काठ्या घेऊन बसलीत आणि तू आपला, आपला करतेस!"

 आबा म्हणजे पौलदआबा, तिचे थोरले चुलते. वडील लवकर गेल्यावर यांनीच तिला शिकवलं. गणिताची पुस्तकं आणायला ते धुळ्यापर्यंत सायकल मारत गेले होते. असा माणूस दवाखान्यात पडलेला, आणि हेमांगीच्या मनात पहिला विचार काय आला? शुक्रवारच्या आत ही बातमी बाहेर फुटली तर काय होईल! तो विचार आला आणि तिला स्वतःची किळस आली.

गाडी नाशिक रस्त्याला लागली. हल्लीच्या गाड्या आपल्या आपण चालतात, माणसाला विचार करायला मोकळं सोडतात, आणि कधीकधी तेच नको असतं.

हेमांगीचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. कुठलीही दोन गावं एकमेकांना ओढत असतात. गावं मोठी तर ओढ जास्त, अंतर लांब तर ओढ कमी. किती माणसं गेली-आली, किती धान्य गेलं, किती लेकी नांदायला गेल्या, यावरून ही ओढ मोजता येते. हे झालं प्रदेशशास्त्र. शांतिशास्त्राचं म्हणणं असं, की दंगल काही आभाळातून पडत नाही. तापासारखी ती आधी अंगात मुरते आणि मग चढते, म्हणून तिचा पारा आधीच बघता येतो. हेमांगीने ही दोन्ही शास्त्रं एका समीकरणात बसवली. त्यात दोन मुख्य रकाने होते. एक 'घर्षण', म्हणजे तक्रारी, मारामाऱ्या, शिवीगाळ. दुसरा 'बंध', म्हणजे दोन्हीकडच्या माणसांचं एकमेकांत किती येणंजाणं आहे ते.

घर्षण कमी करायला तिने यंत्र केलं. पाटावर आपोआप उघडणारे दरवाजे, जमिनीतली ओल मोजणारे खिळे, आणि कुणाला किती पाणी द्यायचं ते थेंबापर्यंत ठरवणारी आज्ञावली. त्याच्या आधी तिकडे फडाची पद्धत होती. नदीला आडवा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीनं. ही पाळी लावायला गावाने नेमलेला पाटकरी असे. टेंभरवणचा पाटकरी म्हणजे पौलदआबा. निंबाळीच्या बाजूने त्यांच्याशी हुज्जत घालायला झिपरूतात्या. चाळीस वर्षं दोघं बंधाऱ्यावर उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते.

आणि बंध कसा मोजायचा? रब्बीचं पाणी सोडायच्या आधी घरटी एक माणूस पाट उपसायला यायचा. गाळ काढून झाला की बंधाऱ्यावरच वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी व्हायची. पंगतीचा नियम ठरलेला होता. ज्याची पाळी आपल्यानंतर, त्याच्या ताटाला आपलं ताट. म्हणजे वर्षभर ज्याच्याशी बांधावर भांडायचं, त्याच्याच शेजारी बसून जेवायचं. या पंगतीला कोण-कोण बसलं याचे आकडे हेमांगीने गोळा केले होते.

यंत्र आल्यावर गाळ आपोआप धुऊन जायला लागला. पाट उपसायचं काम संपलं. पंगतीला पहिल्या वर्षी चौऱ्याण्णव माणसं आली, दुसऱ्या वर्षी एकावन्न, तिसऱ्या वर्षी बारा. तिकडे तक्रारी मात्र बंद. बंधाचा रकाना धरला की समीकरण सांगायचं, शांतता वाढत नाहीये, घटतेय. रकाना काढला की सगळं झकास.

त्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी समतोलवरचा शोधनिबंध पाठवायला तीन दिवस उरले होते. परदेशी परीक्षक वाचणार, त्यांना काय सांगायचं, आमच्याकडे शांतता बट्ट्यांवर मोजतात? तिला लाज वाटली. खरंच सांगते, फसवायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. तिला गावाकडच्या जेवणावळीची लाज वाटली, एवढंच. 'माहिती अपुरी' असा शेरा मारून तिने तो रकाना गाळला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

संगमनेरच्या पुढे तिने जुनी फाइल उघडली. रकाना परत घातला. नंतरच्या वर्षांच्या पंगतीचे आकडे घालायचे होते, पण ते सगळे शून्यच होते, कारण पंगत होतच नव्हती. लग्नांचे आकडे मिळाले. सात वर्षांत दोन्ही गावांत एकही सोयरीक झालेली नव्हती. समीकरणाने उत्तर द्यायला मिनिटही घेतलं नाही. उद्रेक नवव्या ते अकराव्या वर्षात. मग तिने त्या मोठ्या नदीचे आकडे घातले. तिथेही तेच उत्तर आलं, फक्त माणसं दोन कोटी होती. तिने खिडकीची काच खाली केली. 

दवाखान्याच्या फाटकाशी कडुनिंबाखाली एक म्हातारा उकिडवा बसला होता. धोतर, टोपी, पायांत चपला नाहीत.

"झिपरूतात्या?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "हेमा का तू? व माय, मला आत जाऊ दे. सकाळपासून बसलोय. तुझा भटू येऊ देत नाही."

"झालं काय नेमकं, तात्या?"

"काय व्हायचंय! नदीला पाणीच नाही यंदा. तुझं यंत्र म्हणतं निम्मं-निम्मं. आमची पोरं म्हणतात टेंभरवणवाल्यांनी यंत्र फितवलं. तिकडची म्हणतात आम्ही फितवलं. विचारायचं कुणाला? यंत्राला तोंड आहे का? जमली बंधाऱ्यावर दोनशे पोरं. तुझा आबा एकटा मध्ये गेला. म्हणे थांबा, मी पाळी लावतो." त्याने टोपी काढून तोंड पुसलं. "आमच्या पंकजनं दगड फेकला."

हेमांगीने त्याला हाताला धरून उठवलं. दारात भटू आडवा आला. "ताई, याला आत नेशील तर बघ!"

"बाजूला हो, भटू."

"अगं याच्या नातवानं—"

"भटू, ओरडायचंच असेल तर माझ्यावर ओरड. सगळी चूक माझी आहे, संध्याकाळपर्यंत तुला कळेल. आता बाजूला हो."

भटू बघतच राहिला आणि बाजूला झाला.

आबांच्या डोक्याला मोठं बँडेज होतं. उजवा हात चादरीवर निपचित पडलेला. त्यांनी डोळे उघडले, झिपरूला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"आलास का? एक दगड कमी पडला?"

"नेम चुकला त्याचा," झिपरू म्हणाला. "तुझ्या टाळक्यात आहे काय इजा व्हायला!"

"अठ्ठ्याण्णव साली तू दोन तास जास्त पाणी घेतलंस. अजून दिलं नाहीस."

"दीड तास! आणि तुझ्या फडाची दारं कोण धरत होतं तेव्हा? तू तापानं फणफणला होतास, मी धरली!"

"मी धर म्हटलं होतं का?"

नर्स धावत आली. "अहो बाबा, हळू! पेशंट आहे ना? तुम्ही आधी बाहेर व्हा बघू."

"राहू दे त्याला, बाई," आबा म्हणाले. मग त्याच्याकडे मान वळवली. "झिपऱ्या, पोरानं मला ओळखलं नाही रे. मी म्हटलं, अरे थांब, मी पौलद, पाटकरी. तर मला विचारतो, कोण पाटकरी?"

झिपरूचं तोंड वेडंवाकडं झालं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "मी सांगितलंच नाही त्याला. काय सांगणार? तुझं नाव घरात निघायचं ते तुला शिव्या द्यायला. पाळीवरून आलो की तासभर तुलाच शिव्या. भांडण बंद पडलं, मग तुझं नाव कशाला निघेल?"

हेमांगी खाटेच्या पायाशी उभी होती. तिला राहवलं नाही. "आबा, मला हे माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

तिने सांगितलं. जमेल तसं, तुटक-तुटक सांगितलं. पंगतीचे आकडे, तो रकाना, तो शेरा. झिपरूला अर्धं कळलं, अर्धं नाही. आबांना सगळं कळलं. ज्याने पाऊणशे जणांच्या पाळ्या तोंडपाठ ठेवल्या, त्याला एक रकाना कळणार नाही?

"तू त्या पंगतीत वाढायला असायचीस," आबा म्हणाले. "परकर खोचून वरण वाढायचीस. मग आकडे कशाला लागले तुला? डोळ्यांनी दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"मला लाज वाटली, आबा."

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.  तो दिवस आणि दुसरा दिवस, ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणीसुद्धा झिपरूच्या हातून घेतलं.

बुधवारी दुपारी तिने झेबाला फोन लावला. झेबाने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही, आणि झेबा गप्प बसली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"मॅडम, कृपा करून आत्ता कुणाला बोलू नका," शेवटी ती म्हणाली. "मी माझ्या नोकरीसाठी नाही म्हणत."

"माहीत आहे."

"दरवाजे बसले नाहीत तर या उन्हाळ्यात तिथे गोळीबार होणार. शंभरात सत्तर वेळा. हेही तुमचंच गणित सांगतंय ना? बसले तर निदान नऊ-दहा वर्षं मिळतील. दहा वर्षं थोडी असतात का? तेवढ्यात आपण दुरुस्त करू."

"आठ वर्षांपूर्वी, निबंध पाठवताना, मी स्वतःला हेच सांगितलं होतं, झेबा. पुढे दुरुस्त करू. आकडे इतके छान यायला लागले की त्या फाइलकडे मी परत वळले नाही. यंत्र एकदा बसलं की माणसं बंधाऱ्यावर यायची थांबतात. मग दुरुस्त काय करणार? ओळखच राहत नाही."

"आणि उन्हाळ्यात जी मरतील ती?"

 झेबाचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेल्या.

"तुम्हाला मन हलकं करायचंय, मॅडम," झेबा हळूच म्हणाली. "पण त्याची किंमत दुसरं कुणी भरणार आहे."

हे वाक्य हेमांगीला जिव्हारी लागलं, कारण ते थोडंफार खरं होतं. त्या दुपारी ती कडुनिंबाखाली बसून राहिली. नुसतं खरं बोलून चालणार नव्हतं, हातात काहीतरी द्यायला हवं होतं. तिने दरवाज्याचा आराखडा पुन्हा काढला. यंत्र तेच, मोजमापही तेच, पण दरवाजा आपोआप उघडायचा नाही. वरच्या काठाचा एक माणूस आणि खालच्या काठाचा एक माणूस, दोघं समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनी आपापली किल्ली फिरवली, तरच पाणी सुटायचं. दर पाळीला माणसं बदलायची. भांडणं होणार, तक्रारी वाढणार. तिने गणित मांडलं. पहिली तीन वर्षं घर्षण चढत जात होतं, मग मोठ्या उद्रेकाची शक्यता उतरत होती, आणि ती परत चढत नव्हती. पण आपोआपचे दरवाजे तयार होते, हे नव्याने घडवायला चार महिने लागणार होते. उन्हाळा त्या चार महिन्यांच्या आतच होता.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ती परिषदेपुढे बोलली. पडद्यावर चाळीस देशांचे चेहरे होते. तिने गाळलेला रकाना दाखवला, आबांच्या डोक्यातल्या दगडाबद्दल सांगितलं, दोन किल्ल्यांचा आराखडा पुढे ठेवला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा रकाना तुम्ही अनवधानाने गाळला का?"

'हो' म्हणायची सोय होती. पडद्यावरच्या एका चौकटीत झेबा मान खाली घालून बसली होती.

"नाही," हेमांगी म्हणाली. "समजून उमजून गाळला."

नवे दरवाजे घडेपर्यंत मतदान चार महिने पुढे गेलं. सोमवारी संस्थेने तिला पत्र दिलं, पद काढून घेतलं. वर्तमानपत्रांनी आठवडाभर तिची सालटं काढली. ते सगळं तिने खालमानेने घेतलं. आबा घरी आले. उजवा हात कायमचा अधू झाला. ते तिच्याशी बोलायला लागले, पण कामापुरतं. भटूने पोरांना काठ्या खाली ठेवायला लावल्या, कारण झिपरूतात्या देवऱ्यांच्याच ओट्यावर मुक्कामाला येऊन बसला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या मोठ्या नदीवर गोळीबार झाला. एका पंपावरून वाद पेटला, दोन तास चालला. सतरा माणसं गेली. सैनिक चार, बाकीची गावातली. झेबाने नावांची यादी पाठवली, वर एक अक्षरही लिहिलं नाही. हेमांगीला ती नावं नीट वाचताही येत नव्हती. ती एकेक अक्षर लावत राहिली. आपण बोललो नसतो तर ही सतरा जिवंत असती. आपण बोललो नसतो तर दहा वर्षांनी किती गेली असती, ते गणितात होतं. या सतरांना मात्र नावं होती.

सप्टेंबरात मतदान होऊन दोन किल्ल्यांचे दरवाजे बसले. परिषदेने कळवलं, पहिल्या पाळीला तज्ज्ञ म्हणून कुणीतरी हवं. कुणीही चाललं असतं. हेमांगीने स्वतःहून जाते म्हणून कळवलं. झेबा म्हणाली, "कशाला जाताय मॅडम? तिथे तुमचं नाव माहीत आहे लोकांना."

"म्हणूनच," ती म्हणाली.

नदी रुंद होती आणि पाणी गढूळ. बंधाऱ्यावर दोन्ही काठांची पन्नास-साठ माणसं उभी होती, मधे पाच हात जागा सोडून. हेमांगी त्या मोकळ्या जागेत एका खुर्चीवर बसली. शेजारी तिकडचा तरणा दुभाष्या होता. खालच्या काठाची किल्ली ज्या बाईकडे होती ती चाळिशीची असेल, अंगावर काळं ओढणीसारखं वस्त्र. ती पुढे आली, पण किल्ली लावेना. हेमांगीकडे बघत तिने काहीतरी विचारलं.

दुभाष्या अवघडला. "त्या विचारतात, उन्हाळ्यात दरवाजे थांबवले ते तुम्हीच का?"

"हो. मीच."

बाईने किल्ली मुठीत धरली. मग बोलायला लागली. आधी हळू, मग चढत चढत. तिने छाती बडवली, नदीकडे हात केला, दोन बोटं दाखवली, मग एक हात कमरेएवढ्या उंचीवर धरून दाखवला. हेमांगीच्या तोंडाशी येऊन ती ओरडत होती. वरच्या काठाची किल्लीवाली, जिच्या लोकांनी कदाचित त्या गोळ्या झाडल्या होत्या, तीही दोन पावलं जवळ येऊन ऐकायला लागली. दुभाष्याने पहिली दोन वाक्यं सांगितली, दोन भाऊ होते, एक मुलगी होती, आणि मग तो थांबला.

"पुढचं राहू द्या, बाई," तो म्हणाला. "शिव्या आहेत."

"थांबू नका," हेमांगी म्हणाली. "सगळं सांगा."

तो सांगत गेला. वरच्या काठाची बाई आता मधली जागा ओलांडून त्या दोघींच्या अगदी शेजारी येऊन उभी होती. हेमांगी खुर्चीवरून उठून उभी राहिली, आणि बाईचं बोलणं संपेपर्यंत तिने तिच्या तोंडावरून नजर काढली नाही.